पीठवाल्या सरांची रेघ

आमचे भूगर्भशास्त्राचे सर तासाला यायचे ते बगलेत ज्वारीच्या पिठाचा डबा मारून. अख्खं कॉलेज त्यांना पीठवाले सर म्हणायचं आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही. काचेच्या पेटीत पिठाचा थर, त्यावर हळदीचा, मग पुन्हा पिठाचा. एका बाजूनं फळी रेटायला लावायचे. थर आधी फुगायचे, मग तिरके तुटायचे आणि तळातलं पीठ हळदीच्या डोक्यावर चढून बसायचं. "याला म्हणायचं थ्रस्ट! रेट अजून. पुढं नवी चीर पडते, मागचा ढीग वाढतो. हिमालय असाच उठून राहिला, अजून थांबला न्हाई." घरी काकू कपाळाला हात लावायच्या. "हिमालय ह्यांचा, अन् भाकरीची बोंब माझ्याकडं!"

आमची गोची वेगळीच होती. नांदेड असो की लातूर, विहीर कुठंही खणा, काळ्या खडकाचे थर गुमान एकावर एक निजलेले. खालचा जुना, वरचा नवा. परीक्षेत हिमालयाचा उभा छेद आला तेव्हा अख्ख्या वर्गानं वरचा थर नवा लिहून टाकला. सर असे भडकले! "जुनं वर चढलंय रे बाबांनो! नांदेडच्या बाहेर बघा की जरा!"

मी आगाऊच. विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंय का?"

सर म्हणाले, "न्हाई. पण बघणार. रिटायर व्हायच्या आत हात लावून येणार."

आणि नुसतं बोलून सोडलं नाही. कॉलेज दरवर्षी सहल नाकारायचं, ते दरवर्षी अर्ज द्यायचे. मंजुरी आली ती त्यांच्या शेवटच्या वर्षी, तोवर गुडघे पार गेले होते. मी तेव्हा अर्धापूरला शिकवत होते. काकूंनी मला सोबत धाडलं. हिमाचलातल्या त्या चढावर पोरं म्हणाली, सर, खालूनच दाखवा ना. "खालून दाखवायला मी इथवर आलो काय?" म्हणत ते चक्क खाली बसले आणि पाठमोरे, हातांवर जोर देत, पायरी पायरीनं वर सरकू लागले. मला रडू येत होतं आणि हसूही.

वर पोहोचले. डोक्यावर जुना खडक, पायाशी नवा. पण मध्ये फळ्यावर काढतात तशी रेघ नव्हतीच. दोन पुरुष उंचीचा चुराडा होता, दगड दळून निघालेला. सरांनी मूठभर उचलून चोळला.

"पुस्तकात वाचलं होतं गं," ते म्हणाले, "पण फळ्यावर सोपं पडतं म्हणून मी जन्मभर रेघच ओढली. सगळ्या पोरांना चूक शिकवून ठेवलं की!"

"सर, कुणाचं काय अडलंय त्यावाचून?"

"माझं अडलंय."

परत आल्यावर एकेका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावायचा सपाटा सुरू झाला. कुणी बँकेत, कुणी तलाठी, सगळ्यांना एकच, "ती रेघ नाही बरं का, पट्टा हाय. दळलेल्या दगडाचा." लोक हसायचे. सरांना फिकीर नव्हती.

पुढं सरांना छातीचं दुखणं निघालं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर माझाच हात धरून म्हणाले, "बिलोलीचा एक राहिला. खताचं दुकान हाय त्याचं. फोन लागून नाही राहिला. तू सांगशील?"

त्याच आठवड्यात सर गेले. हक्कानं रागावणारं माणूस गेलं माझं. तेरावा झाला आणि मी बिलोलीची बस धरली.

दुकानात गर्दी होती. मी सरांचं नाव सांगितलं, निरोप सांगितला. तो पोती मोजायचा थांबला.

"एवढ्यासाठी आलात ताई?"

"हाव."

त्यानं गिऱ्हाइकांना थांबा म्हटलं, माझ्यापुढं स्टूल सरकवलं आणि स्वतः उभाच राहिला, वर्गात राहतात तसा. "नीट सांगा," म्हणाला. "पहिल्यापासून."