नातीचं व्हायोलिन माझ्यामुळे अडलं

चर्चच्या आवारातले माड मीच पाडतो. म्हणजे नारळ पाडतो, माड उभेच असतात. एका शनिवारी सहा वर्षांची नात बरोबर होती. तिचा बाप बोटीवर, आई सरकारी दवाखान्यात कामाला, म्हणून शनिवारी ती माझ्या वाट्याला येते. मी वर, ती लांब सावलीत. मध्येच खाली बघतो तर पोरगी नाही. माझे हातपाय गळाले, पण माडावर ते गळून चालत नाही, म्हणून उतरेपर्यंत धरून ठेवले.

ती मागच्या हॉलच्या खिडकीला नाक लावून उभी होती. आत सहा पोरं बिस्किटांचे पुठ्ठ्याचे खोके मानेखाली धरून त्यांच्यावर बांबूच्या काड्या फिरवत होती. मला वाटलं, पोरांना काहीतरी झालंय.

तो व्हायोलिनचा वर्ग होता. टीचर गोव्यात नोकरी करून गावी परत आलेल्या, वयाने माझ्याएवढ्या. खिडकीतूनच म्हणाल्या, “काय ओ, नातीक घालतास?”

“घालतंय. पण ह्या खोक्यातसून आवाज खंयचो येतलो?”

“येणा नाय म्हणान तर खोको दिलंय. आधी धरूक शिकतली. आणि नेम ऐका. पोराबरोबर जो मोठो येतलो, तेणा आधी शिकाचा. पयली ओळ तेणा सगळ्यांसमोर वाजवल्यान, काय पोराचो खोको गेलो. मगे खरा व्हायोलिन. घराकडे पोराची चूक सांगूक कोण तरी होयो मा?”

मी हो म्हटलं. सही येत असती तर तीपण केली असती.

दुसऱ्या शनिवारपासून नात खोका घेऊन पोरांच्यात आणि मी व्हायोलिन घेऊन आयांच्यात. व्हायोलिन पोरांच्या मापाचं. माझ्या मानेखाली ते कुठे आहे ते मलाच शोधावं लागायचं. माडाच्या सालीने माझी बोटं अशी झालीत की तार बोटाखाली आली की नाही ते डोळ्याने बघून ठरवायचं. बघायला मान वळवली की व्हायोलिन निसटायचं. ते पडू नये म्हणून मी दोन्ही गुडघ्यांत धरायचो, आणि सगळ्या आया छपराकडे बघायच्या.

एका आईने दुसऱ्याच आठवड्यात ओळ वाजवली. एका पोराचा बाप शाळेत मास्तर, त्याने तिसऱ्या. असं करत करत सहाव्या शनिवारी हॉलमध्ये सहा व्हायोलिनं आणि एक खोका. परत आमच्या गावी, मिठबावला, येताना एसटीत नात खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आजो, फुडच्या शनिवारी खोकोच आसलो तर मी येवचंय नाय.”

ती रडली असती तर मी चॉकलेट दिलं असतं. रडली नाही, म्हणून घाबरलो.

त्या आठवड्यात मी रोज सकाळ-संध्याकाळ व्हायोलिन घेऊन पडवीत बसलो. आवाज असा, की शेजारीण दगडी गडग्यावरून डोकावून म्हणाली, “काय ओ, डुकर पकडलास?” बायको म्हणाली, “ती करकर थांबवा, नायतर मी म्हायेराक जातंय.” माहेरी तिचं आता कोणी उरलेलं नाही, तरी म्हणाली.

मग मी विचार केला. विचार करायची मला सवय नाही, तिथेच चुकलं. व्हायोलिनवर फिरवायची जी काठी असते, तिला टीचर बो म्हणतात. त्या बोला ताणून लावलेल्या घोड्याच्या केसांना घासायला त्यांनी राळेचा खडा दिलेला. राळ चिकट. चिकट केल्यावर करकरणारच! टीचर शिकलेल्या खऱ्या, पण विहिरीचा रहाट त्यांनी कधी ओढला नसेल. मी राळ फडक्याने पुसून काढली आणि घाण्याचं खोबरेल चोळलं, दोन्ही बाजूंनी, केसांत मुरेल असं. करकर साफ बंद. खरं तर सगळंच बंद. मला वाटलं, आता हात बसला की सूर आपोआप येईल.

शनिवारी टीचरनी नाव घेतल्यावर मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि बो ओढला. तो तारांवरून बांगड्यासारखा सटकला. परत ओढला. आवाज नाही.

टीचरनी बो घेतला, केस बोटाने चाचपले, मग नाकाशी नेला.

“ह्या काय लावलास?”

“खोबरेल. घरचा.”

“कित्याक?”

“करकरत होता.”

टीचर खुर्चीवर बसल्या. “केस बदलूक आता गोव्याक धाडूचो लागतलो.” आधी एक पोर हसलं, मग सगळा हॉल. मीपण हसलो, लोक हसायच्या आत आपण हसावं, ही माझी जुनी सवय. मग नातीकडे बघितलं. ती हसत नव्हती. शिकवलाय तसा खोका मानेखाली नीट धरून उभी होती.

मी म्हटलं, “टीचर, माझ्यामुळे तिका अडवू नकात. मी दुसरो कोण तरी मोठो बघतंय.”

टीचर तिच्याकडे वळल्या. “काय गो, तुझो आजो शिकतलो काय?”

तिने जरा विचार केला. “नाय.”

“मगे घराकडे तुझी चूक कोण सांगतलो?”

“माझी मीच. आजोची रोज सांगतंय मा.”

“काय सांगतस?”

“कोपर वर जाता. मनगट ताठ. तार वाकान बघता. दुसऱ्या सुराक घाम पुसूक थांबता, आणि मगे परत पयल्यापासून धरता.”

मी हे पाठ म्हणून दाखवलेलं पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी ती एकेक सांगायची, मी “गप रव गो” म्हणायचो.

टीचर मास्तरांच्या पोराला म्हणाल्या, “तुझो बो हिका दी जरा.” माझ्या हातातलं व्हायोलिन काढून त्यांनी तिच्या मानेखाली ठेवलं.

तिने पहिल्या तारेवर बो चार वेळा ओढला. करकर माझ्यासारखीच होती, पण चारही वेळा सारखी. कोपर वर गेलं नाही.

“नखां कापून ये फुडच्या शनिवारी,” टीचर म्हणाल्या, आणि दुसऱ्या पोराकडे गेल्या.

व्हायोलिनची पेटी खांद्याला लावून ती एसटीत चढली. पायरी उंच, पेटी तिच्या गुडघ्यांवर आपटत होती. मी हात पुढे केला. तिने पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.