चांगल्या फोनवर न झालेलं अ‍ॅप

मी तेव्हा उल्हासनगरात एका छोट्या ऑफिसात मोबाइल अ‍ॅप बनवायचे. आमचे सिंधी शेठ कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत. अंबरनाथच्या आनंदनगरातल्या एका केमिकल कारखान्याने कामगारांसाठी एका नव्या मोबाइल कंपनीचे वीसेक फोन घेतले होते. गॅसचा वास आला की बटण दाबायचं आणि सगळ्या खात्यांना इशारा जायचा, एवढंच अ‍ॅप त्यांना हवं होतं.

फोन बघून मी खूश झाले. पडला तरी फुटत नव्हता, हातमोज्यातूनही स्क्रीन चालत होती.

"एक हफ्ता, बस," शेठ म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

पण अ‍ॅप बनवायला त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरावं लागायचं. ते इन्स्टॉल व्हायलाच दोन दिवस गेले. पुढे चूक कुठलीही असो, एकच वाक्य यायचं, 'अज्ञात कारणामुळे थांबले'. कोडमधला एखादा कंस सुटला तरी तेच, इंटरनेट गेलं तरी तेच. मदतीची पानं अर्धी कोरी. डेव्हलपरांच्या फोरमवर प्रश्न टाकला, तर आठवड्याने एकाचंच उत्तर आलं, "तुमचं सुटलं का? मीही अडकलोय."

बदलापूरला घरी गेले की बाबा विचारायचे, "झालं का गं?" त्यांचा जन्म फिटर म्हणून गेला.

"माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक."

"तू चुकतेयस की मशीन, ते आधी बघ."

म्हणून तेच अ‍ॅप मी माझ्या नेहमीच्या साध्या फोनसाठी करून पाहिलं. दीड दिवसात झालं! तिथे चूक झाली की ती ओळ लगेच लाल व्हायची. म्हणजे चूक माझी नव्हती. पण तरी बरं वाटेना.

ते दाखवायला कारखान्यात गेले, तर पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "ताई, आमच्याच फोनवर करा ना. ह्याला ग्लोव्ह काढावा लागतो. गॅस सुटल्यावर ग्लोव्ह काढत बसू का?"

तिचं बरोबर होतं. मॅनेजर म्हणाले, "फोन एवढा भारी, मग अ‍ॅप का होत नाही?" फोन चांगला आहे, पण त्यांचं सॉफ्टवेअरच धड नाही, असं मी सांगितलं, तो त्यांना बहाणा वाटला असणार. मलाही बोलताना तसंच वाटत होतं. शेवटी कारखान्याने साधे फोन घेतले.

काही महिन्यांनी त्या मोबाइल कंपनीने फोन बनवणंच बंद केलं. बातमी वाचून मला उगाच अपराधी वाटलं.

"शेठ, आपण सोडलं म्हणून ते बुडाले, की बुडणारच होते म्हणून आपण सोडलं?"

"अरे बेटा, तू अकेली थोडी ना थी," ते म्हणाले. मला धीर द्यायलाच म्हणाले. मी मात्र अजूनच गोंधळले. फोरमवरच्या त्या माणसानेही तेव्हा सोडलंच असेल. त्याला मी उत्तर दिलंच नव्हतं.