वास नसलेली वेल

आमच्या घराची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात इतकी तापते, की रात्री पलंगावर पडलं तरी तिची धग लागते. तिच्यावर वेल चढवायची, हे घर बांधतानाच ठरलं होतं. कोणती, यावर नवऱ्याचं आणि माझं कधी एकमत झालं नाही, आणि मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेलाच. मी वाचले. मला वास यायचा मात्र बंद झाला, तो कायमचाच.

एके काळी माझं नाक फार तिखट. शेजारी फोडणी कशाची पडली, ते मी घरात बसून सांगायची. आता चटणीसाठी भाजायला टाकलेले शेंगदाणे करपले तरी धूर डोळ्यांत जाईपर्यंत पत्ता लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते, तर एकदम जाईचा वास आला. आमच्या जुन्या भाड्याच्या घरी जाई होती. नवरा संध्याकाळी कळ्या तोडून सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि विसरून जायचा. धुवायला काढलेल्या सदऱ्यांना यायचा तसाच हा वास होता, किंचित घामट. मी घाबरले. आसपास कुणाकडेच जाई नाही, आणि असती तरी मला तिचा वास आला नसता. डॉक्टर म्हणाले, शिरा फसवतात कधीकधी. फसवू देत. तेव्हापासून तो अधूनमधून येतो, आणि आला की मी जागची हलत नाही.

श्रावणात लेक बार्शीहून आली, ती यंदा वेल लावायचीच असं ठरवून. रोपवाटिकेत तिने थेट जाईकडे बोट दाखवलं. बाबांसाठी, म्हणाली. रोप फुललेलं होतं. एक फूल तोडून तिने माझ्या नाकाशी धरलं. मी जीव लावून हुंगलं. काही नाही.

मालकाला म्हटलं, वास नसलेली दाखवा. त्याने मधुमालती पुढे केली, पण तिलाही रात्री वास असतो, म्हणून मी ती परत ठेवायला लावली.

"वास नसलेली वेल मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय की, बाई," तो म्हणाला. शेवटी राणी रंगाची बोगनवेल घेतली. हिला आपलं ऊन लई मानवतं, पाणी बेतानंच घाला, असं त्याने बजावलं.

रिक्षात लेक तोंड फुगवून बसली. बाबांची एवढी एक गोष्टसुद्धा तुला घरात नको का, असं ती म्हणाली, तेव्हा मला राहवेना. पायरीवरचा वास तिला पहिल्यांदाच सांगितला.

"नाकाचा आता काय भरवसा? भिंतीवर जाई चढवली आणि वास आला, तर तो वेलीचा की बाबांचा, हे मला कसं कळायचं?"

आईचं डोकं फिरलं असं तिला वाटेल, याची मला भीती वाटत होती.

घरी आल्यावर खड्डा तिनेच खणला, शेणखत घातलं, काटे टोचले तरी ब्र काढला नाही. हात धुऊन पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती हळूहळू श्वास ओढत होती, आणि कशासाठी ते मला समजत होतं.

"आई, मला का नाही गं येत?"

मी पायरीवर बाजूला सरकले आणि तिला माझ्या जागी बसवलं.