फ्रीजमधला घड

केळी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, हे अख्ख्या जळगाव जिल्ह्याला ठाऊक आहे. मी पडलो धुळ्याचा. त्यात बी.एस्सी.!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्या धाकट्या बहिणीला, मंगलला, जळगाव जिल्ह्यातल्या पहूरकडचं स्थळ आलं होतं. केळीच्या बागा, एकुलता मुलगा आणि मोजकं बोलणारे त्याचे वडील, आबा. पहिली भेट झकास झाली. होकार की नकार, ते रविवारी येऊन सांगणार होते. त्याआधी बुधवारी आबांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर केळीचा एक घड पाठवला. निरोप एवढाच, 'आमच्या बागेचा माल आहे. रविवारी सोबत बसून खाऊ.' मंगलला मुलगा इतका आवडला होता की ती त्या घडाकडेसुद्धा लाजून बघायची!

पण मे महिन्यातलं धुळं ते! शुक्रवारीच घड पिवळाधमक झाला. रविवारपर्यंत त्याचं काय होणार? मी नव्या फ्रीजकडे पाहिलं. (गल्लीतला पहिला. वर आईनं विणलेला रुमाल.)

आई म्हणाली, "भाऊ, केयं फ्रीजमा ठेवतस का कोनी?" (आमच्याकडे 'ळ' फक्त सणासुदीला काढतात.)

"आई, थंडीत वस्तू टिकते. हे विज्ञान आहे!"

मी आतल्या जाळ्या काढल्या, शेजाऱ्यांची दुधाची पातेली परत केली, घडाच्या फण्या कापून ठासून भरल्या आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. रविवारी सकाळी उघडून बघतो तर आत कोळशाची वखार!

"बठ्ठं कायं पडी गयं ना रे!" आईनं कपाळावर हात मारला.

मंगल रडवेली झाली. तरी म्हणाली, "दादा, निदान एक सोलून तर बघ."

"काळं म्हणजे सडलेलं! तुला काय कळतंय, तू आर्ट्सची!"

पुरावा नष्ट करायला हवा होता. मी सगळ्या फण्या टोपलीत भरून शेजारच्या अक्कांच्या गाईपुढे ओतल्या, सायकल काढली आणि स्टँडवरच्या हातगाडीवरून दोन डझन केळी आणून ताटात मांडली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

आबा आले. त्यांनी एक केळं उचललं, फिरवलं, देठ पाहिला आणि खाली ठेवलं.

"मास्तर, हे केयं आमचं नाही."

"नाही म्हणजे... तुमचा घड गल्लीत वाटला. सगळ्यांना फार आवडला!"

तेवढ्यात दारात अक्का. हातात तीच टोपली.

"सर, आजून शेतस का केया? गायले लई आवडनात!"

आबांनी आधी टोपलीकडे पाहिलं, मग फ्रीजकडे, मग माझ्याकडे. मला सगळं कबूल करावं लागलं. बहिणीचं लग्न मी गाईला खाऊ घातलं होतं, आणि मला खरोखर रडू येत होतं.

"कायं पडलं ते साल," आबा शांतपणे म्हणाले. "आतून काही होत नाही. एक तरी सोलून पाह्यलं का?"

स्वयंपाकघरातून मंगल बाहेर आली. तिनं माझी नजर चुकवून एक काळी फणी पाटीखाली झाकून ठेवली होती! तिनं सगळ्यांसमोर एक केळं सोललं. आत पांढरंशुभ्र. आबांनी ते खाल्लं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पोरगी पसंत आहे. मुलगी पाहून बोलतो. भावाला पाहून नाही."

लग्नात आबा मला हाताला धरून प्रत्येक पाहुण्याकडे न्यायचे. "हे आमच्या सुनेचे भाऊ. सायन्सचे मास्तर आहेत, पण माणूस चांगला आहे."

मी हसून मान लववायचो. दुसऱ्या हातात केळं असायचं, आणि ते मी अर्धं सोलून, आत काय आहे ते नीट पाहूनच धरलेलं असायचं!