उजेडाशिवायची ऊब

लेक शिकायला परदेशी गेल्यापासून तिचा इग्वाना, तो हिरवा मोठा सरडा, काचपेटीत दाराकडे तोंड करून बसतो. थंडी पडली म्हणून आत लाल दिवा लावला, तर बायको म्हणाली, "अहो, काढा तो! कुणीतरी टक लावून बसलंय असं वाटतं." दुकानदाराने बिनउजेडाचा हीटर दाखवला. "काका, ऊब मिळेल, दिसणार काहीच नाही." मी लगेच घेतला. इग्वानाचे वाट पाहणारे डोळे मला टाळायचे होते. ऊब दिली की नजर चुकवता येते, असं आपल्याला वाटतं.

काल दिवेलागणीला, दिवा न लावताच, मी काचेवर तळवा ठेवला. काच कोमट होती. डोळे अंधाराला सरावले, तेव्हा पलीकडून माझ्या बोटांसमोर पाच लांब बोटं टेकलेली दिसली. हात काढून घेण्याची हिंमत झाली नाही.