डाव्या पायाची पट्टी

माझी मुलगी महिनाभर आधी जन्मली. चार महिन्यांची झाली तरी तिचा उजवा पाय सारखा चालायचा आणि डावा नुसता पडून असायचा. डॉक्टरबाईंनी दोन्ही घोट्यांना बांधायला कापडी पट्ट्या दिल्या. आत बटणाएवढा सेन्सर, पाय हलला की त्याची नोंद व्हायची. साधी, स्वस्तातली वस्तू. अंघोळ सोडून दिवसभर बांधा, म्हणाल्या, डावा पाय आपणहून किती हलतो ते कळलं की पुढचं ठरवू. ही चालेल ना, एवढंच मला विचारायचं होतं आणि तेवढंच विचारायचा धीर झाला नाही.

माझी आई मलकपेठेतून आमच्याकडे तारनाक्याला राहायला आली होती. मी ऑफिसचं काम घरूनच करते, त्यामुळे आतल्या खोलीत माझ्या मीटिंगा आणि बाहेर आजी-नात. आईला हार म्हणून माहीत नाही. शाळेत माझं हस्तकलेचं सगळं काम तिनेच केलं आणि बक्षीस मी घेऊन आले. पट्ट्या बांधताना तिने विचारलं, "ह्या मशिनीत कमी भरलं तर काय करतेत?"

"काही करत नाहीत. बघतात."

"हौ, बघतेत म्हणे," असं म्हणून ती गप्प झाली. माझी आई गप्प झाली की काहीतरी शिजत असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवसांत भीतीने माझं डोकंच चालत नव्हतं.

आठवड्याने दवाखान्यात डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर आलेख उघडला. डावा पाय उजव्यापेक्षाही जास्त हलला होता. मला तिथेच रडू फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. उजव्या पायाच्या रेघा वेड्यावाकड्या होत्या, लेकराने भिंतीवर माराव्यात तशा. डाव्याच्या मात्र अगदी एकसारख्या, जणू कुणी पाळणा हलवतंय. त्यांनी आईकडे बघितलं.

"लेफ्ट पैर आप हिलाते क्या, अम्मा?"

आईने पदर सावरला. "मालिश करते वक्त, थोडा."

"आई, खरं सांग."

"लेकराला नापास कसं होऊ देऊ मी?" आई म्हणाली. "तू मिटिंगीत बसली की हलवायचे. रोजच."

जेमतेम दोन मिनिटं माझी मुलगी बरी होती. मला आईचा भयंकर राग आला, आणि रागाखाली तीच भीती होती, आधीपेक्षा मोठी, कारण आईने पाय इतका हलवला म्हणजे तिलाही तो हलताना दिसला नव्हता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. लवकर कळलं तर उपचार लवकर सुरू होतात, एवढंच म्हणाल्या आणि पट्ट्यांमधली जुनी नोंद पुसून त्या परत दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अंघोळ झाल्यावर मुलीला हॉलमध्ये चटईवर ठेवलं, पट्ट्या बांधल्या आणि मागे सरकून बसले. आई समोर भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच केलं.

उजवा पाय सुरू झाला. डावा पडून होता.

"आवाज तरी देऊ का गं?" आईने विचारलं.

"दे."

तिने हाक मारली. पोरगी हसली, उजव्या पायाने हवेत लाथा मारल्या. डावा तसाच. खाली भाजीवाला ओरडत गेला. उठून तो पाय मीच हलवावा असं मला इतकं वाटलं, की मी ओढणी मुठीत गच्च धरली.

आणि डावा गुडघा वाकला. टाच चटईपासून जराशी उचलली गेली आणि खाली आली.

आम्ही दोघींनी आधी एकमेकींचे हात बघितले.