कबरीची मुदत

विद्यापीठात जर्मन शिकत होते तेव्हा संस्कृतीच्या पेपरात तिकडच्या दफनभूमीवर एक धडा होता. कबरीची जागा तिथे बहुतेक ठिकाणी ठरावीक वर्षांसाठी मिळते. मुदत वाढवली नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात. मेल्यावरही भाडेकरूच, असं वर्गात कोणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो.

माझा धाकटा भाऊ नर्सिंग शिकायला त्याच देशात गेला. भाषा मीच शिकवली, आष्ट्याच्या घरी, ओट्याजवळ बसून. दुसऱ्या हिवाळ्यात तो रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडला. मय्यत इकडे आणायला फार दिवस लागले असते, म्हणून तिथल्या मशिदीतल्या लोकांनी त्याला तिथेच दफन केलं. अब्बांनी स्वतःला सावरलं ते एकाच गोष्टीवर: कबर तर आहे. आपण नाही तर नातवंडं जातील, फातिहा पढतील.

चाळिसाव्याला जेवणं झाल्यावर बैठकीत चाचा म्हणाले, "लय शिकलीया आमची पोरगी. भावाला पार पोचवूनच आली."

अम्मी शेजारीच बसली होती. तिनं त्यांना थांबवलं नाही.

"सांग की गं सगळ्यास्नी," अब्बा मला म्हणाले, "तिकडं कबरी कशा राखत्यात."

मी फुलझाडांचं सांगितलं. शांततेचं सांगितलं.

"आन् भाड्याचं?" चाचा म्हणाले. "मोबाइलवर बघितलंय म्या. खरं हाय का न्हाई?"

बैठकीत जर्मनीतलं कळणारी मी एकटीच. मी नाही म्हटलं असतं तर चाचांवर कोणी विश्वास ठेवला नसता. अम्मीनं एकदा माझ्याकडे पाहिलं असतं, तर बहुधा म्हटलंही असतं. ती चटईकडे बघत राहिली.

"खरं आहे. ठरावीक वर्षांची मुदत असते."

अब्बांना समजायला थोडा वेळ लागला. "मंग मुदत सरल्यावर त्याला कुठं टाकत्यात?"

"कुठं नाही. हाडं राहिली असली तर आणखी खोल पुरतात. वर दुसरा माणूस."

परीक्षेत लिहिलं होतं तसंच, काही न वगळता, मी सांगत होते.

"पैसं भरलं तर ऱ्हातीया का जागा?" अब्बांनी विचारलं.

"राहते. भरणारं कोणी असेल तोवर."

"भरणारा त्योच हुता," अब्बा म्हणाले. मग आवाज न चढवता, "तू जा आत. लई शिकलीस."